माझ्या वाटणीचं तुम्ही खा

कुरितिबा, ९ जून १९९९

रायल्दा वन्सं,

दोन पायमोज्यांवर तिसरा चढवून आणि कानाला शाल गुंडाळून तुमची भावजय हे लिहिते आहे. नमस्कार करायला हात शालीबाहेर काढवत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात करते. गोड मानून घ्या.

पोचल्यावर लगेच लिहिणार होते, पण इथे दक्षिणेत जून म्हणजे ऐन हिवाळा, शाईसुद्धा गोठत असावी. बाकी माझं बरं चाललंय. एद्वान कामावरून आला की आधी माझ्या खोलीत डोकावतो. सूनबाई सिर्लेई गुणाची आहे, मला भांड्याला हात लावू देत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जिनं जन्मभर पोरांसाठी डेगच्यांच्या डेगच्या भात ढवळला, तिला इथे साधा चमचा विसळायला मिळत नाही. मग मी नवव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खाली बघते. खाली माणसं पुष्कळ आहेत, पण कुणी ओरडत नाही वन्सं. कुणी टोपली डोक्यावर घेऊन "ए राणी, चाखून तर बघ, आवडलं नाही तर थुंकून टाक" म्हणत नाही. सगळे आपापल्या कोटात हात खुपसून चालतात.

थंडीत इथले लोक पाइनच्या बिया उकडून खातात. सिर्लेईनं बशीत घालून दिल्या. मी छान म्हटलं, आणि खोटं नाही म्हटलं. पण आपल्या उकडलेल्या शेंगा कशा, दातानं टरफल फोडलं की आतलं खारट पाणी हनुवटीवर ओघळतं आणि तुम्ही डाफरता, "पूस गं, कुक्कुलं बाळ आहेस का?" या बिया कोरड्या. ओघळतही नाही आणि कुणी डाफरतही नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन बैठकीत आहे. मी रिसीव्हर उचलला की माझ्यासाठी सगळे टीव्ही बंद करून गप्प बसतात. आणि तुमच्याकडे तर फोनच नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात निरोप ठेवायचा म्हणजे साऱ्या इतापुआंला कळायचं.

म्हणून एक काम सांगते. रविवारी आपल्या जागी, बदामाच्या झाडाखाली, खुर्ची टाकून बसा आणि माझ्या वाटणीचंही तुम्ही खा. मग काय खाल्लं, कसं होतं, कोण काय बोललं, ते सगळं लिहा. नुसतं "चांगलं होतं" लिहाल तर पत्र परत पाठवीन.

एद्वान म्हणतो, आई, हिवाळा काढ, मग बघू. त्याचं "मग बघू" मला कळतं. मी इथेच राहावं आणि तुमच्या जिन्याच्या पायथ्याचं माझं घर विकून टाकावं, असं त्याच्या मनात आहे. मी अजून हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तुमची,
मारिनाल्वा


इतापुआं, २७ जून

मारिनाल्वा,

खाल्लं. तुझं आणि माझं, दोघींचं खाल्लं आणि पोटावर हात ठेवून जिना चढून आले. माझा भाऊ आजेनोर, देव त्याला सुखात ठेवो, म्हणायचाच, "ताई, तुझ्या आणि माझ्या बायकोच्या मध्ये बसलेल्या माणसाला किनाऱ्यावर उपाशी मरावं लागतं." आज तो मध्ये नव्हता, तूही नव्हतीस. मग कुणी तरी खायला हवंच होतं.

सकाळी पाऊस होता. दहाच्या सुमाराला ऊन आलं तशी मी दोन्ही खुर्च्या काखेत मारून उतरले. पहिला आला चीजवाला टोन्यो, हातातली शेगडी झुलवत. शेगडी कसली, तेच ते भोकं पाडलेलं पत्र्याचं डबडं. मला म्हणाला, "आज एकट्याच? धाकट्या बाई कुठे?"

"थंडीच्या मुलखात गेल्यात."

"मग चीजची एकच काडी भाजू?"

"एक का? त्यांची कुणी चोरली काय? दोन भाज. आणि कोळसा फुंक, माझ्या तोंडाकडे काय बघतोस!"

त्यानं कडा करपेपर्यंत भाजलं. तुझ्या काडीवर गुळाचा पाक, माझ्यावर नुसता सुका मसाला. आधी तुझी खाल्ली. गरम गरम, दाताखाली करकर वाजणारी, आणि पाक बोटांवरून मनगटापर्यंत आला तो चाटून घेतला. कुणी बघत नव्हतं. बघत असतं तरी चाटला असता.

मग शेंगा घेतल्या. खारट पाणी ओघळलं. पुसलं नाही.

मग अकाराजेवाल्या बेलमीराकडे गेले. देंदेच्या लाल पामतेलाचा वास बसथांब्यापर्यंत येत होता. मी शिवून दिलेला लेसचा झगा घालून, डोक्याला पांढरं गुंडाळून आपली महाराणी पाटामागे बसली होती. चवळीचं पीठ तिनं असं फेटलं होतं की कढईत टाकल्याबरोबर अकाराजेचा गोळा टम्म फुगला. लालबुंद झाल्यावर काढला, चिरला, वातापाची, काजू-नारळाची पेस्ट भरली, वर सोडे, वर हिरव्या टोमॅटोची कोशिंबीर. तिखट किती, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या अकाराजेत भरपूर आणि मारिनाल्वाच्यात त्याहून जास्त." तेव्हा तुझ्या वाटणीच्या तिखटानं माझं नाक वाहिलं, हे लक्षात ठेव. बेलमीरानं तुझी चौकशी केली. म्हणाली, "शुक्रवारी ओशालासमोर तिचं नाव घेईन, थंडी सोसू दे म्हणून." देवाला सांगायला ती कधी विसरत नाही.

शेवटी मांगाबा फळाचं गारेगार. एकच घेतलं. दुसरं परवडलं नसतं, पोटाला.

तुझी खुर्ची मी उघडून ठेवली होती. दोन-तीन जणांनी मागितली. "बाई येणार आहेत" म्हणून सांगितलं आणि दिली नाही.

रायल्दा


कुरितिबा, १४ जुलै

रायल्दा वन्सं,

तुमचं पत्र मी एका बैठकीत वाचत नाही. सोमवारी चीज वाचलं, मंगळवारी शेंगा. अकाराजेशी आले तेव्हा एद्वान दारात उभा होता. "आई, रोज थोडंथोडं वाचायला ही औषधाची चिठ्ठी आहे का? ओठ का चाटतेस?" मी म्हटलं, "तुझी आत्या जेवायला वाढते आहे." तो हसला. मग म्हणाला, "तिकडे आहे तरी काय आई? वाळूत दोन खुर्च्या."

मला राग आला नाही. त्याचं वयच ते. वाळूत दोन खुर्च्या असणं म्हणजे काय, ते एक खुर्ची उरल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. घराला गिऱ्हाईक आलं आहे. साल्वादोर शहरातलेच कुणी आहेत, सुट्टीत राहायला घर हवंय. कागद सप्टेंबरअखेर करायचा म्हणतात. एद्वान जबरदस्ती करत नाही. उलट म्हणतो, "तू म्हणशील तसं. पण तिथे तू आजारी पडलीस तर मी इतक्या लांबून येईपर्यंत काय होईल?" त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नाही, हीच पंचाईत आहे.

एकदा घर गेलं की मी परत येईन ती पाहुणी म्हणून. आठ दिवस, पंधरा दिवस. तुमची मला गरज आहे की नाही हे मी विचारत नाही, तुम्हाला कधीच कुणाची गरज पडली नाही. फक्त विचारते, तुम्हाला काय वाटतं?

आणि पुढच्या पत्रात खोबऱ्याच्या काळ्या वडीचं लिहा. गेल्या वेळी विसरलात.

तुमची,
मारिनाल्वा


इतापुआं, १० ऑगस्ट

मारिनाल्वा,

उत्तराला उशीर झाला. इथे माणसांची ये-जा फार, एक उठला की दुसरा येतो. अक्षर वेडंवाकडं वाटेल. वाळूत बसून मांडीवर लिहिते आहे.

घराचं मला विचारू नकोस. घर तुझं, मुलगा तुझा. मी मध्ये तोंड घातलं तर उद्या म्हणशील, नणंदेनं सुखाचा घास काढून घेतला. मी काही म्हणणार नाही.

किनाऱ्याचं विचारशील तर बहार आहे. असा ऑगस्ट मी जन्मात पाहिला नाही. समुद्र निळा, वारा मंद, विकणारे एकामागून एक. कोळंबीच्या काड्या, लिंबू पिळलेली लावेची अंडी, शहाळी, कैरी, काजूफळं. खोबऱ्याची काळी वडी म्हणशील तर अशी खमंग, की गूळ थोडा जळालेला, खोबऱ्याच्या फाका जाड, दातात अडकली तर संध्याकाळपर्यंत जिभेला चाळा. टोन्योनं चीजसाठी मध आणलाय. बेलमीरा तर वातापात हल्ली काजू दुप्पट घालते. तू असतीस तर बोटं खाल्ली असतीस.

आणि मी एकटी असते असं समजू नकोस. नोएमिया म्हणून एक नवी शेजारीण मिळाली आहे. रोज माझ्याजवळ बसते. फारशी बोलत नाही, पण खायला पक्की. तुझ्या खुर्चीवर आता तीच असते. खुर्ची रिकामी ठेवून तरी काय करायचं?

तर असं आहे. इथे मजा आहे. ज्याला हवी त्यानं यावं.

रायल्दा


कुरितिबा, २६ ऑगस्ट

रायल्दा वन्सं,

पत्र पोचलं. तुम्ही मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तुम्ही त्यात दुसरं काही शोधू नका.

नोएमियाबाईंना माझा नमस्कार सांगा. फार न बोलणारी माणसं तुम्हाला आवडतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी तर तोंडाची टकळी. खुर्चीचा डावा पाय जरा खचतो, त्यांना सांगा, पडतील.

मी म्हटलं होतं, दोन्ही वाटण्या तुम्ही खा. माझी वाटणी दुसऱ्या कुणाला द्या असं नव्हतं म्हटलं. पण ते माझंच चुकलं. जो उठून जातो त्यानं पानावर हक्क सांगू नये.

एद्वानला मी काल होकार दिला. कागद तयार करायला सांगितलाय. तो इतका खूश झाला की सिर्लेईला उचलून गोल फिरवलं. मीही हसले. घरातलं सामान कुणी तरी बघायला हवं. आजेनोरची मासे धरायची जाळी तुम्ही घ्या. कपाट टोन्योच्या बायकोला द्या, ती कधीपासून डोळा ठेवून आहे. माझ्या कढया हव्या असतील तर नोएमियाबाईंना विचारा.

आता दर रविवारी लिहायलाच हवं असं नाही. तुमचा वेळ जातो.

मारिनाल्वा


इतापुआं, ११ सप्टेंबर

मारिनाल्वा,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि आत्ताच लिहायला बसले. होकार काय दिलास! इतकी घाई? लोक बाजारात खेकडा घेतानासुद्धा चार वेळा उलटा करून बघतात.

नोएमियाचं तू उगाच मनावर घेतलंस. तिला तिखट सोसत नाही. अकाराजेतला एक सोडा दिला तर तेवढा चघळते आणि तोंड फिरवते. हसत नाही, भांडत नाही, नावं ठेवत नाही. कसली आलीय सोबत!

ऐक, काल मी बेलमीराकडे गेले होते. मारिनाल्वा, अगं काय सांगू तुला. कढई नुकतीच तापली होती, पहिला घाणा माझ्याच पुढ्यात पडला. तेल इतकं ताजं की रंग केशरी. अकाराजे हातात धरवेना, या हातातून त्या हातात करत मी फुंकर घालत होते आणि बेलमीरा मला हसत होती. बाहेरचा पापुद्रा कुर्रकन मोडला आणि आतून वाफ आली ती थेट डोळ्यांत. पहिल्या घासाला जीभ पोळली, दुसऱ्याला तिखट लागलं, तिसऱ्यापासून मी कुठे बसले आहे ते विसरले. चार खाल्ले असते. बेलमीरा म्हणाली, "मारिनाल्वा इथे असती तर तिनं सहा खाल्ले असते." सगळे तुझं नाव काढतात. तुझ्यासारखं गिऱ्हाईक नाही म्हणतात.

सप्टेंबर संपायला अजून अवकाश आहे. कागद काय, कागदच असतो. शाई वाळेपर्यंत माणसानं विचार करावा.

मी काही सांगत नाही. फक्त काल अकाराजे कसं होतं ते कळवलं.

रायल्दा


कुरितिबा, २० सप्टेंबर

रायल्दा वन्सं,

तुमचं पत्र वाचून तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांतही आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र मी "काल" या शब्दापाशी थांबले. पत्रावर तारीख अकरा. सिर्लेईच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर बोट ठेवून बघितलं. अकरा तारखेला शनिवार. म्हणजे काल शुक्रवार.

वन्सं, शुक्रवार!

बेलमीरा ओशालाची लेक. शुक्रवार तिच्या देवाचा वार. त्या दिवशी ती देंदेच्या तेलाला बोट लावत नाही, त्या वासाजवळ उभीसुद्धा राहत नाही. अंगभर पांढरं घालून देवाच्या घरी जाते. आजेनोर आणि मी लग्न होऊन आलो तेव्हापासून इतापुआंच्या किनाऱ्यावर दर शुक्रवारी बदामाच्या झाडाजवळची ती जागा रिकामी असते. परगावचे लोक येऊन विचारतात, "अकाराजेवाली कुठे गेली?" आणि आपण हसतो. तिचा शुक्रवारचा पांढरा झगा शिवला कुणी? तुम्हीच ना?

आधी वाटलं, बेलमीरानं वार मोडला. मग माझं मलाच हसू आलं. समुद्र आटेल, पण बेलमीरा शुक्रवारी तळायची नाही. मग एकच उरतं. काल तुम्ही तिथे नव्हता. आणि जी बाई रोज किनाऱ्यावर जाते तिचा शुक्रवार कधी चुकत नाही, कारण त्या दिवशी ती रिकामी जागा समोर दिसतेच. तेव्हा नुसतं काल नव्हे, पुष्कळ दिवसांत तुम्ही किनाऱ्यावर गेलेल्या नाहीत.

मग मी मागचं पत्र काढलं. वातापात काजू दुप्पट, चीजवर मध. बेलमीरा एक काजू जास्त घालायची नाही हे मला ठाऊक नाही का? मी हेव्यानं आंधळी झाले होते म्हणून दिसलं नाही.

काय झालंय ते लिहा. खरं लिहा. एद्वानला सांगून कागद मी थांबवून ठेवलाय. का, ते त्याला सांगितलं नाही. तुमचं उत्तर आलं नाही तर औषधाच्या दुकानात फोन करीन आणि साऱ्या गावाला कळेल, मग बोलू नका.

मारिनाल्वा


इतापुआं, २७ सप्टेंबर

मारिनाल्वा,

तुझे डोळे फुटोत. इतक्या लांबून बाईला शुक्रवार दिसतो!

बरं, ऐक. जुलैत, तुझं घराचं पत्र आलं त्याच आठवड्यात, मी ओल्या जिन्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून आणलं तेव्हापासून माजघरात आहे. भिंत धरून मोरीपर्यंत जाते, तेवढाच प्रवास. डॉक्टर म्हणाला, "बाई, जिना विसरा." मी त्याला म्हटलं, "जिना विसरले तर समुद्र कसा आठवू?" त्याला विनोद कळला नाही. घरात पडून राहिलं की सगळे वार सारखेच, मारिनाल्वा. रेडिओ तारीख सांगतो, वार सांगत नाही.

शेजारून डबा येतो. टोन्यो पत्रं टाकतो. बेलमीरा सवड मिळेल तेव्हा येऊन पाय चोळून देते. तिच्या कपड्यांना देंदेचा वास असतो, तेवढाच माझा किनारा. ती म्हणते, येताना अकाराजे घेऊन येते. मी नको म्हटलं. इतका जिना चढून येईपर्यंत ते गार होतं, आणि गार अकाराजे खाणं म्हणजे पाप आहे. दोघांना शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून.

नोएमिया आहे, ते खोटं नाही. पण ती मांजर आहे. पावसात दारात आली आणि राहिली. तुझ्या खुर्चीवर झोपते. तिला तिखट सोसत नाही हेही खरंच.

एवढं सगळं का लिहिलं, विचारशील. पडले म्हणून कळवलं असतं तर तू आली असतीस, मला माहीत आहे. बेडपॅन उचलायला आली असतीस. मला तशी नको होतीस. मला वाटलं, असं काही लिहावं की तुझ्या तोंडाला पाणी सुटावं आणि तू आपण होऊन, खायच्या लोभानं परत यावीस. नोएमियाला खुर्चीवर बसवलं तेही तुला झोंबावं म्हणून. झोंबलं, पण भलतीकडे. तू होकारच देऊन बसलीस. मग मी घाबरले आणि शुक्रवारी अकाराजे तळलं.

आता सगळं कळलंय तर सही करून टाक. तुझी किनाऱ्याची ओढ मी जाणते. पण किनाऱ्याला घेऊन जाणारी नणंद आता उरली नाही. आलीस तर खाली एकटी बसशील नाहीतर वर माझ्यापाशी कोंडून घेशील. तिथे मुलगा आहे, लिफ्ट आहे. मला तुझी फार आठवण येते, हे एकदा लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. सही कर.

रायल्दा


कुरितिबा, ४ ऑक्टोबर

रायल्दा वन्सं,

आता माझंही ऐका. लपवायचा मक्ता तुम्ही एकट्यांनी घेतलेला नाही.

इथे रविवारी एका चौकात बाजार भरतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सिर्लेई मला घेऊन गेली. तिथे कोपऱ्यात मला देंदेचा वास आला. मला वाटलं, मी भ्रमिष्ट झाले. पण खरोखरच आपल्याकडची एक बाई पाट मांडून बसली होती, काशोएरा गावची. लेसचा झगा, त्यावर लोकरीचा स्वेटर. मी अकाराजे घेतलं. मला वाटलं होतं, तोंडात घातल्याबरोबर थुंकावंसं वाटेल आणि तुम्हाला लिहीन की आपल्या किनाऱ्याची सर कशालाच नाही.

वन्सं, ते चांगलं होतं. फार चांगलं होतं. तीच चवळी, तेच तेल, तिखटही हात राखून नाही. मी अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं हातात धरून बसले. सवयीनं. तुम्ही स्वतःचं आधी संपवून माझं हिसकावता ना, त्याची वाट बघत बसले. कुणी हिसकावलं नाही. तेव्हा त्या बाजारात, सगळ्यांसमोर, मी लहान पोरीसारखी रडले. सिर्लेई घाबरली. मी तिला सांगितलं, तिखट लागलं.

हे मी तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मग इथलं कशाला विचारतेस?" आणि पत्रं थांबवली असती. मला किनाऱ्याची ओढ आहे असं तुम्ही लिहिता. मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी कळलं की मला अकाराजे नको होतं, समुद्रही नको होता. मला तुम्ही हव्या होता.

तुमचं पत्र मी एद्वानला वाचून दाखवलं. त्यानं ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "आई, माझ्याकडून काही कमी पडलं का?" मी म्हटलं, "नाही रे राजा. तुझ्याकडे मला कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही. पण इथे मी पाहुणी आहे. तिथे मी भांडते." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ बघून माझं काळीज तुटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. काल संध्याकाळी तो स्वतःच बसचं तिकीट घेऊन आला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलंय. नाताळात दोघं येणार आहेत.

मी बेडपॅन उचलायला येत नाहीये. पण उचलावं लागलं तर उचलीन, आणि उचलताना तुम्हाला चार गोष्टी सुनावीन, त्याही ऐकाव्या लागतील. झोपायला वरच येईन. त्या मांजरीला आत्तापासून सांगून ठेवा, खुर्ची माझी आहे.

पंधरा तारखेला, शुक्रवारी रात्री पोचते. रविवारी सकाळी मी खाली जाईन आणि बेलमीराकडून दोन अकाराजे घेऊन वर येईन. माझेही गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, जिन्यावर दोनदा बसावं लागतं. ते गार होणारच. होऊ देत. आपण दोघी गारच खाऊ.

तुमची,
मारिनाल्वा